मांडीवरचं वरण

"उद्यापासून गाड्या सोडायच्या आहेत मॅडम, ते वळण पास करून टाका," साहेब फोनवर सांगत होते. मी बीबी गावाच्या अलीकडे नव्या डांबरी रस्त्यावर उभी होते आणि उंची मोजायच्या लेव्हलचं रीडिंग उलटं येत होतं.

वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवतात. त्याला सुपरएलेव्हेशन म्हणतात. ही उंची नसेल तर वेगातली गाडी बाहेर फेकली जाऊ शकते. इथे बाहेरची कडच आठ सेंटिमीटर खाली होती.

ठेकेदाराच्या सुपरवायझरला विचारलं.

"महादूभाऊनं सांगतलं होतं, पावसाचं पानी आमच्या वावरात सोडू नका."

वळणाच्या आतल्या बाजूला महादूभाऊंचं वावर होतं, बाहेरच्या बाजूला त्यांचंच घर. वावरात कांद्याचं बियाणं. त्याला साचलेलं पाणी चालत नाही, म्हणजे त्यांची भीती खोटी नव्हती.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "दुरुस्ती करा, पण आधी त्या माणसाला राजी करा. काम अडवलं तर तुम्हीच निस्तरा."

महादूभाऊ ऐकेनात. "वळनावर गाडी हळू चालवाव मानसानं. माह्या वावराले काऊन सजा?"

आकडे सांगून उपयोग नव्हता. मला आईचं पातेलं आठवलं.

मी दुसरीत असताना आम्ही मेहकरहून नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो, भाड्याच्या जीपने. आईच्या मांडीवर वरणाचं पातेलं आणि झाकण धरायचं काम माझं. काही वळणांवर वरण माझ्या फ्रॉकवर यायचं, काहींवर थेंबही नाही.

"भाऊ, तुमाले आमचं वरन पाहावत नाही का?" आई ड्रायव्हरला म्हणाली.

"बाई, गाडी तेच, मी तोच. वळन बदललं."

हे कोडं डोक्यात राहिलं. उत्तर इंजिनिअरिंगला गेल्यावर मिळालं. पुढे रस्त्यांचंच काम घेतलं, ते त्यामुळेच.

मी महादूभाऊंच्या बायकोकडे पातेलं मागितलं. काठोकाठ पाणी भरून वहिनी जीपमध्ये बसल्या, शेजारी महादूभाऊ. ड्रायव्हरला चाळीसचा वेग धरायला सांगितलं. वळणावर अर्धं पाणी महादूभाऊंच्या पायजम्यावर.

वहिनींनी पाणी ज्या बाजूला गेलं तिकडे खिडकीतून पाहिलं. तिकडे त्यांचा ओटा होता.

"वावरातलं पानी काढता येते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घरात शिरलेला ट्रक कसा काढसान?"

महादूभाऊ पायजमा पिळत बसले. मग म्हणाले, "नाली पक्की पाह्यजे. पार मोरीपर्यंत."

मागणी रास्त होती. वावराच्या कडेने सिमेंटची नाली काढून पाणी रस्त्याखालच्या मोरीत सोडलं आणि वळण नव्याने बसवलं. रस्ता आठवडाभर उशिरा सुरू झाला. साहेब तेवढे दिवस माझ्याशी मोजकं बोलले.

सुरू करण्याआधी वहिनी पुन्हा पातेलं घेऊन बसल्या. वेग तोच. पाणी काठाशी आलं आणि मागे फिरलं.

"थोडंसं सांडलंच," महादूभाऊ म्हणाले.

"ते तुमी हालले म्हनून."

तेव्हापासून माझ्या जीपमध्ये लेव्हलशेजारी एक पातेलं असतं. बाजारातून आणलेलं. आईचं मागितलं होतं. ती देत नाही.