दोन रुपयांची नकल

आमच्या चंद्राक्काला कुणी हसलेलं मला खपत नाही. “मुलीचे इस्पितळाचे कागद तळ्यात सोडले म्हणे!” अरे, सोडले. मग? तुमच्या पोटची पोर मरता मरता वाचली होती का?

चंद्राबाई माझी शेजारीण. इकडे कानडी मुलखात, चिकपेटच्या बाजारामागच्या गल्लीत आमची दारं समोरासमोर. नवरा लवकर गेला. शिंप्यांकडून झंपर-सदरे आणायचे, काजं-बटणं करून परत द्यायचे, त्यावर तिनं एकुलती एक विद्या वाढवली. विद्या दहा वर्षांची असताना सांधे सुजून ताप आला. महिनाभर एका धर्मादाय इस्पितळात होती. नाव सांगत नाही, सांगून काय फायदा! पोर बरी होऊन आपल्या पायांनी घरी आली. मग चंद्राक्कानं बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाचे दिवे लावले आणि त्यांच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे दुखण्याचं जे जे होतं, औषधाच्या बाटल्या, अंगावरचा झगा, इस्पितळाचे कागद, सगळं येताना वाटेतल्या तळ्यात सोडलं. दुखणं परत घर शोधत येऊ नये म्हणून. बाटल्या बुडाल्या, कागद बराच वेळ तरंगत होते.

एकसष्ट साली विद्या सतराची झाली आणि तिला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, त्या जुन्या तापानं काळजाची झडप खराब केली आहे. मद्रासकडच्या मिशनच्या इस्पितळात ऑपरेशन होतं. तिथून पत्रही आलं. मुलीला घेऊ, पण आधी जुन्या दुखण्याच्या कागदांची नकल पाठवा, ती पाहिल्याशिवाय तारीख देता येत नाही.

चंद्राक्का धर्मादाय इस्पितळात गेली. तिथं जुने कागद सांभाळायला हयवदनराव म्हणून कारकून होते.

“पंधरा रुपये होतील, अम्मा,” ते म्हणाले. “माळ्यावर शोधायला माणूस, टाइपाला माणूस. पैसे आणा, परवा नकल देतो.”

“सरी, बरं,” म्हणाली ही, आणि दोन दिवसांत पंधरा रुपये उभे करून पदराला बांधले. एवढ्यात आमचे भावजी रघुजी आडवे आले. धाकटे दीर माझे, वकिलाकडे कारकून. माणूस लाखातला, पण कायदा म्हटला की अंगात येतं.

“पंधरा? मोगलाई आहे काय? नकलेला दोन रुपयांच्या वर एक पैसा घेता येत नाही, सरकारी हुकूम आहे तसा. अक्का, तुम्ही गप्प बसा, मी बघतो!”

इंग्रजीत ऐटीत अर्ज लिहिला. एक प्रत हयवदनरावांना, एक त्यांच्या वरच्या साहेबाला. खाली चंद्राक्काची सही. हयवदनराव अर्ज वाचून उठून उभेच राहिले. दोन रुपये घेतले, शिक्क्याची पावती दिली. भावजी छाती काढून घरी आले. खरं सांगते, मलाही भारी वाटलं. मी गोडाचा केसरीबात केला.

आणि मग सुरू झालं, “नाळे बन्नि, अम्मा.” उद्या या. आज जाऊन विचारा, तेच. पुढच्या आठवड्यात विचारा, तेच. टाइपाला एकच माणूस, आणि दोन रुपयांच्या अर्जांचा हा ढीग. नंबर आल्यावर मिळेल. किती घ्यायचे ते हुकुमात होतं, कधी द्यायचं ते नव्हतं. भावजींनी दुसरा अर्ज केला. त्यालाही नंबर पडला.

इकडे विद्याला आडवं झोपवेना. उशा लावून रात्रंदिवस बसून असायची, आणि बसल्या बसल्या आईची बटणं निवडायची. “अम्मा, बोलावणं आलं का गं?” एवढंच विचारायची.

एक दिवस चंद्राक्का मला म्हणाली, “ठकू, चल माझ्याबरोबर.” तिच्या पदराला ते पंधरा रुपये अजून तसेच बांधलेले. हयवदनरावांच्या टेबलावर तिनं ते सोडले आणि हात जोडले. “अण्णा, हे घ्या. कुणाला कळणार नाही. माझी पोर जाईल हो!”

त्यांनी हात मागे घेतले. “आता कसे घेऊ, अम्मा? तुमच्या नावाचा अर्ज वर गेलाय. साहेब रोज विचारतात, कुणाकडून जास्त घेतले का. तुमचा कागद आधी काढला, तर घेतलेच म्हणतील. मलाही बायकामुलं आहेत.”

मी टेबलावर हात आपटले. तुम्हाला काळीज आहे का, विचारलं. तोंडाला येईल ते बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले. एखादा हरामखोर असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी लागू पडल्या असत्या. चंद्राक्कानं नोटा गोळा केल्या, परत गाठ मारली.

विद्या गेली. सकाळची वेळ, आईच्या खांद्याला टेकलेली, कॉफी निवायची वाट बघत होती.

तेरावं झाल्यावर इस्पितळाचं कार्ड आलं, नकल तयार आहे. मी म्हटलं, फाडून टाक मेलं ते. पण ती गेली, पावती दाखवून नकल घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. मी शाळेत शिकवते, अडखळत का होईना इंग्रजी वाचता येतं. एकच पान होतं. नाव, वय दहा, ताप, सूज, टोचलेली औषधं. भावजी दाराबाहेर उभे होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

“अक्का, हा कागदसुद्धा तळ्यात सोडायचा का?” मी विचारलं.

“नको, राहू दे घरात. आता दुखणं येऊन येऊन कुणाकडे येणार?” मग जवळ सरकली. “ते खालचं शेवटचं काय लिहिलंय, ते परत वाच.”

मी परत वाचलं. पेशंट पूर्ण बरी, आईबरोबर घरी पाठवली.