मेढेकरकाकांचे आर्लेन

श्रीधर मेढेकरांना इंग्रजांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं. ब्राउनश्वाइगच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी जन्मभर ड्रॉइंगं तपासली, आणि इंग्लंडहून आलेल्या ड्रॉइंगवर इंच दिसले की त्यांचं डोकं फिरायचं. अशा माणसाने म्हातारपण एका इंग्रजाच्या खानदानापायी घालवावं, तेही सोळाशे छत्तीस-सदतीसच्या सुमाराला जहाजात बसून अमेरिकेला गेलेल्या, हे कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण त्यांना गाडीतून नेणारी-आणणारी आणि त्यांचे ईमेल टाइप करणारी मीच होते. मी चारुलता, त्यांच्या मागच्या गल्लीत राहणारी. नवरा हरीश सॉफ्टवेअरमध्ये, मी घरी, आणि तोंडाने फटकळ. तरी त्यांच्या बायकोशी, ऊर्मिलाकाकूंशी, माझं पहिल्या भेटीतच जमलं.

काका त्यांच्या कुलवृत्तांताचे जर्मनीचे प्रतिनिधी होते. जगभरच्या मेढेकरांची ती छापील वंशावळ पुण्याहून निघायची. अख्ख्या जर्मनीत मेढेकरांचं घर एकच, म्हणजे राजाही हेच आणि प्रजाही हेच. मी यावरून त्यांना खूप चिडवायची. ते चष्म्यावरून बघून म्हणायचे, "हस, हस. आपले पणजोबा कोण ते माहीत नसलेल्यांनी जरूर हसावं."

त्यांना एकच मुलगी, मुक्ता. ती कायझर्सलाउटर्नला शिकायला गेली आणि तिथेच अमेरिकन लष्करी तळावरच्या शाळेत शिकवणाऱ्या डॅनियल आर्लेनशी तिने लग्न केलं. काका काही महिने घुम्यासारखे वागले. मग तनया झाली आणि सगळा राग विरघळला. ही नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून. काका सगळ्या जगाला दुरुस्त करायचे, पण तिला कधी टोकलं नाही.

तनया सहा वर्षांची असताना मुक्ता गेली. कॅन्सर. दोन हजार तीन सालचा डिसेंबर होता. काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या, काका नाही रडले. ते हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तनयाच्या जॅकेटची चेन लावत बसले होते. लागली तरी पुन्हा उघडत होते, पुन्हा लावत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी डॅनियलने हळू आवाजात सांगितलं, की पुढच्या वर्षीचं शाळेचं वर्ष संपलं की तो तनयाला घेऊन मॅसॅच्युसेट्सला आईकडे जाणार. डॅनियल वाईट माणूस नव्हता. एकट्याने त्याला झेपत नव्हतं, एवढंच.

नेमकी त्याच वेळी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती. काकांनी मुक्ताच्या नावाखाली तनयाचं नाव लिहून पाठवलं. पुण्याहून नम्र उत्तर आलं: कन्येचं सासर एका ओळीत देता येईल, दौहित्रीची नोंद तिच्या स्वतःच्या कुळात व्हावी, अशी पहिल्यापासूनची पद्धत आहे.

माझं डोकंच तडकलं. "काका, त्यांना सांगा, घाला ती पद्धत चुलीत!"

"नियम आहे गं," काका म्हणाले. "मीच इतकी वर्षं तो पाळत आलो. आल्झो, म्हणजे मग तिचं कूळ कुठलं ते बघायला हवं."

नियमाचं ते नुसतं बोलणं होतं. त्यांच्या मनातली भीती काकूंनी मला सांगितली. पोर एकदा समुद्रापार गेली की ती मुक्ताची मुलगी, आपली नात, हे सांगणारं तिथे कोण? सोयीसोयीने सगळे विसरतील, मग तीही विसरेल. तिच्या नावाजवळ मुक्ताचं नाव कुठेतरी छापून राहिलं, तर ती आपल्या हातून सुटणार नाही, असं काकांनी मनाशी धरलं होतं. वेडी आशा होती. पण बुडत्याला काडीचा आधार.

डॅनियलला विचारलं तर त्याने खांदे उडवले. "आजी म्हणायची, कोणी टॉमस आर्लेन इंग्लंडहून आला होता." शोधल्यावर कळलं, की अमेरिकेत त्या टॉमसच्या वंशजांची रीतसर संस्था आहे आणि त्यांचंही वंशावळीचं पुस्तक निघतं. काकांचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला. "बघ, त्यांचाही कुलवृत्तांत!" त्या पुस्तकात मुलींची मुलंही येत होती, आयांची नावं त्यांच्या आईवडिलांच्या नावासकट येत होती. अट एकच: टॉमसपासून आपल्यापर्यंतची प्रत्येक पिढी पुराव्याने जोडून दाखवायची. डॅनियलच्या घराण्याने ते कधी केलंच नव्हतं.

आमच्या गावात एका चर्चच्या तळघरात वाचनाची खोली होती. तिथे अमेरिकेतल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म मागवता येत. खोली उघडी असायची ती शनिवारी. काका शनिवारी सकाळी डबा घेऊन तिथे जाऊन बसत, मशीनमध्ये डोकं घालून. घरी आले की मोठ्या ड्रॉइंगच्या कागदावर पेन्सिलने माणसं मांडत. गिअरच्या ड्रॉइंगमध्ये एक दात चुकला तर यंत्र बंद पडतं, म्हणत, इथेही तसंच.

डॅनियलपासून वर जाता जाता ते सतराशे एक्याण्णव साली जन्मलेल्या जोसाया वॉरन आर्लेनपाशी पोचले. तिथे गाडं अडलं, कारण त्याच्या जन्माच्या नोंदीत आईबापांची नावं नव्हती.

"अडलं कसलं?" काका म्हणाले. "बापाचं नाव मधे लिहिलंय की. जोसाया, वडील वॉरन, आडनाव आर्लेन."

मीही मान डोलावली. माझ्या पासपोर्टवर मधे हरीश आहे, त्याआधी वडील होते. मधलं नाव दुसऱ्या कोणाचं असू शकतं हे आमच्या दोघांच्या स्वप्नातही आलं नाही.

आता फक्त वॉरन आर्लेन शोधायचा होता. दुर्दैव असं, की तो सापडला. शेजारच्याच गावात, वयाने अगदी जुळणारा. मग त्याचा बाप, बापाचा बाप. सगळा हिवाळा आणि वसंत काका त्या माणसांच्या मागे होते. कायझर्सलाउटर्नहून शुक्रवारी संध्याकाळी तनयाचा फोन यायचा. "आजोबा, वान कॉम्स्ट डू?" तू कधी येणार? काका म्हणायचे, "येतो हं बाळा, एवढं संपलं की लगेच." आगगाडीने पाच तासांची वाट. काकू दोनदा एकट्या जाऊन आल्या. परतल्यावर म्हणाल्या, "अहो, दारातून ती माझ्या मागे बघत होती, तुम्ही आहात का ते."

"तिच्याचसाठी करतोय ना?" काका म्हणाले.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये त्यांनी जाडजूड फाइल संस्थेला पाठवली. जुलैत आम्ही फ्रँकफर्टच्या विमानतळावर तनयाला पोचवायला गेलो. काकांनी तिला सांगितलं, की तुझं आणि आईचं नाव पुस्तकात येणार आहे. ती आठ वर्षांची पोर. तिने मान हलवली आणि विचारलं, "डू कॉम्स्ट आबर?" पण तू येशील ना? काकांनी तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. उन्हाळ्याचे दिवस होते.

घरी आलो तर संस्थेच्या मिसेस हॉलिस यांचा ईमेल आला होता. मीच तो वाचून दाखवला. बाईंनी फार सौजन्याने लिहिलं होतं: वॉरन हे वडिलांचं नाव नव्हे. त्या भागात मुलाच्या मधल्या जागी पुष्कळदा आईचं माहेरचं आडनाव ठेवत. जोसायाची आई वॉरन घराण्यातली. आपण पाठवलेलं घराणं निराळंच आहे, त्याचा टॉमसशी काही संबंध नाही.

काकांनी ड्रॉइंगचा कागद उलगडून जोसायाच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आईचं नाव होतं ते. मुलाच्या नावात मधोमध आईचं घर. आणि मी तिथे बाप शोधत बसलो."

काकूंनी आयुष्यात त्यांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "अहो, हातचं सोडून पळत्यामागे लागलात तुम्ही. जिवंत पोर पाच तासांवर होती. दर शुक्रवारी विचारत होती. आणि तुम्ही कुठल्या परक्या मेलेल्यांपाशी बसला होतात!" एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार लावून रडल्या. काका तिथेच बसून होते. काकूंचं म्हणणं खरं होतं.

पुढे वॉरनांच्या मुलीचा धागा धरल्यावर टॉमस आर्लेनपर्यंतची साखळी तीन महिन्यांत जुळली. दोन हजार सातमध्ये पुस्तक आलं. तनयाच्या नावाखाली छापलं होतं: आई मुक्ता, श्रीधर व ऊर्मिला मेढेकर यांची कन्या. काकूंनी त्या ओळीवरून हात फिरवला आणि पुस्तक मिटून ठेवलं.

तोवर फोन विरळ झाले होते. तनया आता इंग्रजीत बोलायची, तेही हो-नाही इतकंच. डॅनियलची आई गेली. त्याने दुसरं लग्न केलं आणि दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवलं. नवा नंबर कळवीन म्हणाला होता. कळवला नाही. त्याचा जुना ईमेलही बंद पडला. तनयाच्या अकराव्या वाढदिवसाला पाठवलेलं कार्ड तसंच परत आलं.

काका कार्ड घेऊन माझ्या दारात उभे. "चारुलता, त्यांच्यातला कोण कुठे पुरलाय ते मला तोंडपाठ आहे. पोरगी कुठे राहते तेवढं शोधून दे."

मी इंटरनेट पालथं घातलं, पण आर्लेन काय कमी आहेत? शेवटी मिसेस हॉलिसना लिहिलं. बाईंना फार वाईट वाटलं असावं, पण उत्तर नियमाचंच आलं. मेलेल्यांची सगळी माहिती देऊ, हयात माणसांचा पत्ता देता येत नाही.

"गेनाऊ," काका म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं." आणि मग, मुक्ता गेल्यापासून पहिल्यांदा, ते माझ्यासमोर रडले.

काकूंनीच त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "तिचा नाही ना देत, मग आपला तरी तिथे लिहून ठेवायला सांगा. मोठी होईल. आईचं माहेर कुठलं म्हणून बघावंसं वाटेल एखादे दिवशी." तसं आम्ही कळवलं. मिसेस हॉलिसनी तनयाच्या नोंदीजवळ काकांचा पत्ता लिहून ठेवला, रस्ता, घर नंबर, तिसरा मजला यांसकट.

आता काकांचे गुडघे पार गेलेत. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. भाजीची पिशवी मी वर नेऊन देते. परवा हरीशने आमच्याच रस्त्यावर तळमजल्याचं चांगलं घर बघून दिलं, बाग, ऊन, सगळं होतं. काकूंना आवडलंही. काका काठी टेकत बघून आले आणि नको म्हणाले.

"अहो काका, का पण?" मी चिडूनच विचारलं. "मरायचंय का त्या जिन्यात?"

"तिथे हा पत्ता दिलाय ना गं," काका म्हणाले.