ज्येष्ठा नक्षत्रावरची काकू

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघत होते. "लता गेली गो," ती म्हणाली, आणि लगेच, "बाबांना इतक्यात सांगू नकोस." माझं डोकंच फिरलं. माणूस गेलं, आणि हिला अजून तीच भीती! लताकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. परळच्या आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर आम्ही, वरच्या मजल्यावर ती. तिचा जन्म ज्येष्ठा नक्षत्रावरचा. या नक्षत्राची मुलगी थोरल्या दिराच्या मुळावर येते असं आमच्याकडे मानतात, आणि थोरले दीर म्हणजे माझे बाबा. लग्न झाल्यावर आजीला हे कळलं, त्याच पावसाळ्यात बाबांना कावीळ झाली, आणि बिचारीचा निकाल लागला. बाबांच्या समोर यायचं नाही, त्यांना वाढायचं नाही, पाया पडायचं नाही. कावीळ चाळीत अर्ध्या बिऱ्हाडांना झाली होती, पण ते कोण बघतंय!

गौरी आल्या की काकूचा जीव कासावीस व्हायचा. आमच्या कोकणातल्या रीतीप्रमाणे सुना गौरीपुढे सुपं ओवसतात, म्हणजे भरलेली सुपं ओवाळतात, आणि मग एकेक सूप वडीलधाऱ्यांच्या हातात देऊन पाया पडतात. थोरल्या दिराचं सूप काकू स्वतः भरायची, काकडी, केळी, खोबरं, हळदीची पानं... आणि आमच्या उंबऱ्याबाहेर थांबायची. आत मी न्यायचे. बाबा सुपाला हात लावायचे, वर बघायचे नाहीत. आणि गंमत काय, गौर जेवते तीसुद्धा ज्येष्ठा नक्षत्रावरच! तिला घावन-घाटलं, हिला उंबरा.

कॉलेजात असताना मला आकाशदर्शनाचं वेड लागलं होतं. एका गौरीपूजनाला संध्याकाळी ढग फाटले, तशी मी काकूला ओढत गच्चीवर नेलं. गिरणीच्या जागेवरचा टॉवर तेव्हा अर्धाच झाला होता. त्याच्या बाजूला अर्धा चंद्र, आणि चंद्राला लागून एक लालसर तारा.

"ती बघ, तुझी ज्येष्ठा."

काकू बघतच राहिली. "एवढीशी?"

"एवढीशी कसली! सूर्याच्या जागी आणून ठेवली तर आपली पृथ्वीच तिच्या पोटात जाईल. फुगलीय, म्हातारी झालीय, शेवटाला आलीय. तिला काय पडलंय कुणाच्या दिराचं?"

"म्हणजे शेवटाला आली तरी बोल काय चुकत नाहीत बिचारीला," काकू हसली. मग हळूच म्हणाली, "पण गो... खरं असलं तर?" मी तिच्यावर वैतागले आणि आम्ही खाली आलो.

यंदा तिला कॅन्सरनं गाठलं. काका आधीच गेलेले, मूलबाळ नाही, म्हणून हॉस्पिटलात मी जायचे. एकदा म्हणाली, "एक सूप तेवढं भाऊजींच्या हातात द्यायचं राहिलं." त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना सोडलं नाही. "ऐंशी उलटली बाबा, आता कसलं मरण टाळताय?" सकाळी बघते तर बाबा शर्ट घालून दारात उभे. आई रडली, शपथा घातल्या, पण ऐकेनात. "आधीच जायला हवं होतं मी," एवढंच म्हणाले.

वॉर्डच्या दारात काकूनं त्यांना पाहिलं, आणि कुठून बळ आलं कोण जाणे, चादर ओढून तोंड झाकून घेतलं. "भाऊजी, मागं व्हा! माझ्यामुळं तुम्हाला काही झालं तर..." इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी बोलली ते एवढंच. बाबा मागं सरले. मी त्यांना टॅक्सीत घालून घरी आणलं. त्याच आठवड्यात ती गेली.

आईचं न ऐकता मी बाबांना त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आता संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. काकूची बाजारातून परतायची वेळ झाली, जिना वाजला, की उठतात, खुर्ची आत घेतात आणि दार लोटून घेतात. जन्माची सवय. काल मला राहवलं नाही.

"बाबा, ती नाहीये आता. बसा ना बाहेर."

"ठाऊक आहे गो," ते दाराआडून म्हणाले. "पण तिनंच सांगितलंय ना, मागं व्हा म्हणून."