तोंड तं रोजच आहे

फोन आला तवा मी नदीवर फोटोच काढून राहिली होती. ज्योतीताई भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती होती, अन् रोज सांजेले तिले जेठाच्या मोबाईलवर त्या दिवसाचा सूर्य पाठवाचा, असं आमचं ठरलं होतं. म्हनून पोरीले सासूजवळ देऊन मी कारध्याच्या काठावर उभी होती. सूर्य पलीकडं भंडाऱ्याच्या घराईवर टेकला होता, मी मोबाईल सरळ धरला... अन् स्क्रीनवरचा सूर्य गेला, तिथं माह्या नवऱ्याचं नाव आलं. "ताईले नागपूरले नेत होतो," एवढंच थे बोलले. मांगून गाडीचा आवाज येत होता. मी पुढं विचारलं बी नाही. थो फोटो मी मंग काढला का नाही, मले आठवत नाही. मोबाईलमंदी तं नाही.

महिन्याच्या वर होऊन गेला आता. मी नववीपर्यंत शिकली, पेपरात कवा लिहिलं नाही, पन कोनापाशी तरी बोलल्याशिवाय राह्यवत नाही... ज्योतीताई माह्या जेठाची बायको, माही मोठी जाऊ. लग्न होऊन मी या घरी आली तवा मले सासूचं भेव, सासऱ्याचं भेव, भात जास्त शिजला तरी भेव, अन् सगळ्यात जास्त भेव तिचं, काहून का ती बोलेच कमी. एक दिवस आम्ही दोघी नदीवर कपडे धुवाले गेलो. येता येता सूर्य बुडत होता अन् तिच्या तोंडावर सगळं पिवळं ऊन पडलं होतं. लय साजरी दिसत होती. मी हळूच मोबाईल काढून फोटो घेतला अन् घाबरत घाबरत तिले दाखवला. तिनं पाह्यला अन् म्हनली, "माह्यं तोंड कायले काढलं व? तोंड तं रोजच आहे. सूर्य माह्या मांगं घे. मी काळी पडली तं पडू दे, तवा आभाळाले रंग येते." अन् तिनं आपल्याच हातानं थो फोटो पुसून टाकला.

तवापासून सांजेचा थो थोडासा येळ आमचा दोघीचा झाला. मी फोटो काढाचा, तिनं पाहाचा. मोबाईल हातात घेतला का ती अंगठ्यानं फोटोचा एक कोपरा झाके अन् इचारे, "सांग, काय कमी झालं?" मी म्हनत जाव, काहीच नाही. "मंग थे घेतलं कायले?" विजेचा खांब, काठाले बांधलेला कोनाचा तरी डोंगा, अर्धी म्हैस, असं सगळं एकेक करून तिच्या अंगठ्याखाली गेलं. मले राग ये. बचत गटाच्या ग्रुपवर टाकला तं बाया मस्त मस्त करत, फुलं पाठवत, अन् घरी ही म्हने, "त्याईनं पाह्यलाच नाही, बटन दाबलं फक्त." एकदा मी रडली बी. तिनं चहा मांडला, कप माह्यापुढं सरकवला, अन् म्हनली, "मस्त म्हनून मले बी उठून जाता येते ना पोरी. भांडे पडले आहेत तिकडं. मी तुह्या फोटोपाशी बसली आहो, थे नाही दिसत तुले?"

मंग माही आरोही झाली. तिनसांजेले लहान लेकराच्या मायनं नदीवर जाऊ नये म्हनून सासूनं पोरगी वर्षाची होईपर्यंत माह्यं जानं बंद केलं. मी आंगनातून दिसन तेवढं आभाळ पाहून राहिली होती. दोन-तीन दिवसांनी ताईच मोबाईल घेऊन निघाली. आली तं फोटो दाखवाले अशी उभी, जशी मी तिच्यापुढं उभी राहत होती. तिचे फोटो सगळे वाकडे. मी म्हनली, ताई, नदी एकीकडं कलली, पानी सांडून आपल्याच घरात येईन. ती एवढी हासली का सासू बाहेर आली पाहाले, काय झालं म्हनून. एका फोटोत तं तिचा अंगठाच काचेपुढं आला होता. आभाळ नाही, नदी नाही, सगळीकडं लाल लाल, उन्हानं आरपार पेटल्यावानी, अन् एका कडेले जरासा सूर्य. मी म्हनली, ताई, हा कोनाचा सूर्य होय? "पुस थो, पुस," ती म्हनली. तेवढ्यात आरोही उठली, ताईनं तिले कडेवर घेतलं, तिच्याच कडेवर तिले झोप लागे, अन् थो फोटो तसाच राह्यला.

ताईले पहिले साधा तापच होता. मंग डोळे पिवळे झाले. मंग...

तेरवीले फोटो पाह्यजे होता, हार घालाले. जेठानं मले इचारलं, "शीतल, तुह्यापाशी तं लय आहेत." मी मोबाईल उघडला. शेकड्यानं होते. ताई घाटावर, ताई पुलावर, ताई पान्यात पाय सोडून, अन् सगळ्यात तिचं तोंड काळं. मांगं आभाळ कसं रंगलेलं, अन् पुढं ती कोळशावानी. लग्नाचा अल्बम पुराच्या पान्यात सडला. लग्नाकार्यात ती चुलीपाशी राहे, कोनाच्या फोटोत आलीच नाही. आधार कार्डावर पाह्यलं तं कोनी तरी भेलेली पोरगी, ती नाहीच. भंडाऱ्याच्या स्टुडिओवाल्यानं काळ्या तोंडाले उजेड देऊन देऊन एक बाई बनवली. नाक येगळं, डोळे येगळे. थेच भिताडावर आहे, चंदनाचा हार घालून. आरोही तिच्याकडं पाह्यत बी नाही, दाराकडं पाह्यते.

मले लय भेव लागते. पोरीचं आंग जरासं गरम लागलं का मी तिचे डोळे उघडून पाह्यते. अन् त्याहून मोठं भेव हे का मी बी इसरून राहिली. डोळे मिटले तं ताईचं तोंड पहिले साफ दिसे, आता भिताडावरची बाई मधात येते. रोजचं होतं थे तोंड. दीड वर्षाच्या लेकराले काय सांगाचं, तुही मोठीमाय कशी दिसत होती? अजून बी कवाकवा सांजेले आंगनातून फोटो काढला जाते. ग्रुपवर टाकला तं मस्त मस्त येते. कोनी सांगत नाही का तार मधात आली.

परवा सांजेले आरोही रडायची थांबेच ना. काय कराचं सुचलं नाही, तं मी थो अंगठ्यावाला फोटो काढून तिच्यापुढं धरला. एवढ्या फोटोईत तेवढा एकच, ज्यात ताईवर उजेड आहे. म्हनली, पाह्य, मोठीमाय. ती रडता रडता थांबली, लाल लाल पाह्यत राह्यली. मंग आपला एवढासा अंगठा स्क्रीनवर ठेवला, अन् कडेचा सूर्य झाकला. माह्याकडं पाह्यलं. जशी काही इचारूनच राहिली, काय कमी झालं?

मी तिचा अंगठा तसाच राहू दिला.