मंचावरची तिसरी खुर्ची

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, तुला तुझ्या नोकरीत समाधान होतं का?" तिकडच्या विद्यापीठात तू नगर प्रशासनाचा अभ्यासक्रम घेणार आहेस आणि त्यांचं माहितीपत्रक तू मला वाचून दाखवलंस. तू पाठवलेल्या त्याच्या फोटोत झाडाखाली बसलेली हसरी माणसं होती. नेतृत्व, सहभाग, नागरिकांशी संवाद असे शब्द होते. मी विषय बदलला, कारण तुझी आई तुझ्या शेजारी होती आणि मला तिच्यासमोर वाद घालायचा नव्हता. समाधान नव्हतं. का नव्हतं ते क्रमाने सांगते. तुझ्या भावालाही वाचून दाखव. त्याला आता मराठी अक्षरं नीट लागत नाहीत, हे मला कळलेलं आहे.

मी मुख्याधिकारी होते. म्हणजे नगरपालिकेवर सरकारने नेमलेली अधिकारी. नगराध्यक्ष आणि नगरसेवक लोकांनी निवडून दिलेले असतात. त्यांनी सभेत ठरवायचं आणि मुख्याधिकाऱ्याने ते करून दाखवायचं. ते गावचे आणि आपण बाहेरचे. ते राहणार, आपली बदली होणार. या नोकरीतलं सगळं वैर या एका गोष्टीतून येतं आणि ती तुझ्या माहितीपत्रकात कुठेही नाही.

माझी शेवटून दुसरी नेमणूक जालना जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. तुझ्या आजोबांचं हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं आणि जालन्याच्या घरून मला रोज जाऊन-येऊन करता येत होतं. निवृत्तीपर्यंत इथेच राहायचं, एवढीच माझी इच्छा होती.

पहिल्या सर्वसाधारण सभेला मी गेले तर मंचावर तीन खुर्च्या. एक नगराध्यक्षांची, एक माझी. तिसरी त्या दोन्हींपेक्षा चार बोटं उंच, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. नगराध्यक्ष एक बाई होत्या, वय पस्तिशीच्या आतबाहेर. जागा महिलांसाठी राखीव होती म्हणून त्यांना उभं केलं होतं. त्या डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि समोरच्या टेबलाकडे बघत बसल्या. मग त्यांचे यजमान आले. गावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊ उंच खुर्चीत बसले, घसा खाकरला आणि सभा सुरू केली. कोणता रस्ता आधी, कोणती नाली नंतर, सगळं तेच बोलले. शेवटी कागद बाईंच्या पुढे सरकवले, त्यांनी सह्या केल्या.

सभा संपल्यावर मी भाऊंना माझ्या खोलीत बोलावलं. "तुम्ही सभासद नाही. तुम्हाला मंचावर बसता येणार नाही."

भाऊ हसले. "म्याडम, नव्या हायेत तुम्ही. हितं असंच चालतं. आमची मंडळी सही करते, बाकीचं मी बघतो. तुम्हाला बी कसला त्रास न्हाई."

"तुम्ही कोणत्या नात्याने बघता?"

"नवरा हाय मी तिचा!"

"नवरा असं पद कायद्यात नाही."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी गावभर झालं. ते मी चांगल्या मराठीत बोलले होते, तरी गावाने माझं नाव 'इंग्रजी बाई' ठेवलं, कारण माझं शिक्षण औरंगाबादच्या इंग्रजी शाळेत झालं होतं आणि ते त्यांनी शोधून काढलं होतं.

पुढच्या सभेआधी मी ती खुर्ची उचलायला लावली. आमच्या कार्यालयात एक म्हातारे शिपाई होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी खुर्ची भांडारात नेली आणि दारात थबकले.

"मॅडम, भाऊ पूछेंगे तो क्या बोलूं?"

"सांगा, किल्ली मॅडमकडे आहे."

"बिलकुल बोलूंगा," ते म्हणाले. "मेरी तो जान छूटी. अब आपकी बारी."

भांडाराची किल्ली मी माझ्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली.

भाऊ त्या सभेला आले ते टेम्पोत खुर्ची घालून. दुकानातली लाल प्लास्टिकची खुर्ची होती. ती त्यांनी स्वतः मंचावर ठेवली आणि पाय पसरून बसले. मी इतिवृत्ताची वही मिटली. म्हटलं, बाहेरचा माणूस मंचावर असेपर्यंत एक ओळ लिहिली जाणार नाही, आणि आज झालेला एकही ठराव जिल्हाधिकारी कार्यालयात टिकणार नाही. विरोधी बाकांवरून एकजण ओरडला, "आमच्या बाजूच्या बायकांला बी नवरे हायेत की! त्यांच्या बी खुर्च्या मांडा मंग! मांडव घाला!" सगळं सभागृह हसलं. भाऊंना माझा राग सोसला असता, ते हसणं सोसलं नाही. खुर्ची तशीच टाकून ते उठले.

"राजूरच्या गणपतीची आन," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तुमची बदली करून दाखवतो. असं गाव देतो की येष्टी बी जात नसंल. आन तुमची पाठ फिरली की माझी खुर्ची पुन्हा हितंच."

त्यानंतर जे झालं त्याला तुझ्या माहितीपत्रकात काय शब्द असेल मला माहीत नाही. माझ्या खोलीत चहा येणं बंद झालं. लेखी टिपण मागितलं की "करून राह्यलो म्याडम" असं उत्तर यायचं आणि टिपण यायचं नाही. गावात दोन खोल्या घेतल्या होत्या, उशीर झाला तर मुक्कामाला. त्या खोल्यांच्या फाटकासमोर सकाळी कचऱ्याचा ढीग असायचा. गावचा कचरा उचलणं माझ्याच हाताखालचं काम, त्यामुळे तक्रार करायची ती माझ्याकडेच. लोक उभे राहून बघायचे की बाई आता काय करते. मी रोज गाडी बोलावून तो उचलायला लावायचे. रोज नवा ढीग यायचा. मला कोणाचीही दया आली नाही आणि कोणी मला दाखवलीही नाही.

तुला वाटेल, निदान त्या बाईंना तरी बरं वाटलं असेल. एका दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं, पण बसल्या नाहीत.

"खुर्ची काढली तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला इचारलं व्हतं?"

"विचारायचा प्रश्न नव्हता. कायदा आहे."

"तुम्ही सहाला जालन्याला जाता. मी घरी जाते. घरी ती खुर्ची हायेच की. दोन महिने झाले, घरात कुणी माझ्याशी बोलत न्हाई. सासूबाई ताट सरकवून देतात. त्याला कंचा कायदा लावता?"

"घरातलं मला माहीत नाही," मी म्हटलं. "सभागृहातलं माहीत आहे."

मी हे असंच बोलले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मी नगरपालिका चालवत होते, संसार नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच बघितलं असेल बहुतेक, एरवी नजर टेबलावर असायची. मग दाराशी जाऊन म्हणाल्या, "इषयपत्रिका दुकानात पाठवता तुम्ही. ती दुकानात पाठवू नका. चाचाच्या हाती घरी पाठवा, दुपारच्याला. तवा घरी मीच असते."

विषयपत्रिका म्हणजे सभेत काय काय येणार त्याचा कागद. बाई निवडून आल्यापासून तो नगराध्यक्षांच्या नावाने निघून भाऊंच्या दुकानात पोचत होता. मी तो त्यांच्या घरी पाठवायला लागले. मेहरबानी म्हणून नाही, नियम तोच होता.

त्यापुढच्या सभांना त्या एकट्या बसू लागल्या. भाऊ सभागृहाच्या दाराबाहेर बाकावर बसायचे, कान आत लावून. आधी बाई नुसत्या "पुढचा विषय" म्हणायच्या. मग प्रश्न विचारू लागल्या, आणि सगळे प्रश्न मला. ही नाली इथेच का? ही मुदत का वाढवली? टँकर त्या गल्लीत का गेला नाही? विरोधकांपेक्षा त्या वाईट. विरोधक आरडाओरडा करून दमतात, या उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायच्या. मला त्यांचा राग येई. तुझ्या आजोबांना मी सांगायचे, तर ते म्हणायचे, "तूच शिकवलंस ना बसायला? आता भोग."

शेवटी बाजाराचा विषय आला. आठवडी बाजार बसस्थानकासमोरच्या रस्त्यावर भरायचा. त्या दिवशी रस्त्यावरून सायकल जात नसे. एकदा रुग्णवाहिका मेथीच्या ढिगांमध्ये अडकलेली मी स्वतः पाहिली होती. गावाबाहेर पालिकेचं मोठं मैदान मोकळं होतं. बाजार तिकडे न्यायचा, असा प्रस्ताव मी तयार केला, आणि सभेत येण्याआधीच मैदानावर चुन्याच्या रेषा मारून घेतल्या, म्हणजे पावसाळ्याआधी काम होईल. भाऊंनाही बाजार तिकडेच हवा होता. त्या बाजूला त्यांनी प्लॉट घेतलेले होते. एवढ्या एका बाबतीत आम्हा दोघांचं एकमत होतं, आणि याचीही मला चीड आहे.

सभेला बाई बोलल्या. कागद हातात नव्हता.

"बसस्थानकापासून मैदान किती लांब हाय ते गाडीत बसून कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "टोपली घेऊन येणारी बाई तिथवर जाणार कशी? तिथं सावली न्हाई, पाणी न्हाई, आडोसा न्हाई. आन सभेनं ठरवायच्या आधी चुना कुणाला इचारून मारला?"

"रस्ता अडतो. माणूस मरेल एखाद्या दिवशी," मी म्हटलं.

"मंग रस्त्याचं काय करायचं ते सभा ठरवील. तुम्ही न्हाई."

प्रस्ताव पडला. मी आजही सांगते, रस्ता मोकळा व्हायलाच हवा होता. सावली नंतर करता आली असती. तिथे भाजी विकणाऱ्या बायकांची मतं कोणाला मिळणार आहेत ते त्यांना ठाऊक होतं. पण त्यांचं अजून संपलं नव्हतं.

"अध्यक्षांच्या परवानगीनं येणारा इषय," त्या म्हणाल्या, आणि अध्यक्ष त्याच होत्या. "मुख्याधिकारी सभेला न इचारता कामं करून राह्यल्या. त्यांची बदली व्हावी, असा ठराव मी मांडते."

हात वर झाले. विरोधकांचेही झाले. माझ्या बाजूने एकही नाही.

दाराबाहेर भाऊंनी ऐकलं. इतके दिवस माझ्या बदलीसाठी मुंबईला मंत्रालयाच्या फेऱ्या मारून त्यांना जे जमलं नव्हतं, ते घरातूनच झालं होतं. ते आत आले, तोंडभर हसत, तडक मंचाकडे. "चाचा!" ते ओरडले. "आना आता आमची खुर्ची! जल्दी!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीचं पान उलटलं. आता ते माझं काम नव्हतं.

बाई म्हणाल्या, "सभा चालू हाय."

"अगं, संपली की!"

"म्या संपली म्हनलेलं न्हाई. बाहेर बसा."

कोणी हसलं नाही. यावेळी हसले असते तर थट्टा म्हणून निभावून नेणं भाऊंना सोपं गेलं असतं. ते मंचाच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे राहिले. मग पाय खाली घेतला आणि बाहेर जाऊन बसले. बाईंचा पदर डोक्यावरून सरकला होता. तो त्यांनी सावकाश नीट केला आणि पुढचा विषय घेतला. शेवटपर्यंत सभा चालली. मला सगळं इतिवृत्त लिहवून घ्यावं लागलं, माझ्या बदलीच्या ठरावासकट.

बदली कोकणात, पार टोकाला झाली. तुझे आजोबा जालन्यात एकटे राहिले. डब्याची बाई लावली होती, पण तिचा स्वयंपाक त्यांना सोसत नसे, मग स्वतःच खिचडी लावायचे. फोनवर म्हणायचे, "तुझ्या त्या खुर्चीपायी मी आजही खिचडी खाल्ली." ते हसत म्हणायचे, पण मी सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांचा शर्ट अंगावर आणखी सैल झालेला असायचा. ते दिवस मला कोणीही परत दिले नाहीत. तू समाधानाचं विचारतेस म्हणून हे लिहिलं.

पदभार सोडला त्या दिवशी निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. शाल नाही, नारळ नाही. मी टेबल आवरत होते तेव्हा बाई आल्या. याही वेळी बसल्या नाहीत.

मीच विचारलं, "बदलीचा ठराव त्यांनी मांडायला लावला?"

"न्हाई."

"मग?"

"तुम्ही जाणार व्हत्याच. आज न्हाईतर सालभरानं. जो येईल तो बी जाईल. मला हितंच राह्यचंय. तुमच्या जोरावर बसले असं गावानं म्हनलं असतं, तर तुम्ही गेल्यावर किती दिवस बसले असते मी?"

माझे आजारी यजमान जालन्यात आणि मी समुद्राकाठी, हा त्यांच्या शहाणपणाचा खर्च होता, आणि तो माझ्या घरातून वसूल झाला. मी पर्स बंद केली.

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं निरोपाचा.

"भांडाराची किल्ली," त्या म्हणाल्या. "तुमच्या जुडग्यात हाय. ती नव्या सायबाकडं देऊ नका. माझ्याकडं द्या."

जुडग्याची कडी घट्ट होती. मी नखाने ती उघडली, किल्ली सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली आणि निघून गेल्या. आभार मानले नाहीत. मीही दारापर्यंत गेले नाही.