कानाने तळलेला लसूण

ओतकामाच्या त्या कारखान्यात दुपारी नुसता पांढरा भात शिजायचा. वर काय घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी मीठ आणि कच्चं तेल घेई, कुणी ठेचलेली मिरची, कुणी लिंबू पिळून मोकळा होई. पण उड्या पडायच्या त्या तिखटीच्या तळलेल्या लसणावर. तिखटी म्हणजे तिथली स्वयंपाकीण. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. झारा घेऊन उभी राहिली की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

या बाईला वास येत नव्हता आणि चवही कळत नव्हती. नवऱ्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हापासून तिचं नाक मेलं ते मेलंच. ती घर सोडून निघाली. कारखान्याने काम दिलं आणि भांडारामागची खोलीही. नाकाचं तिने कुणाला सांगितलं नाही. बिननाकाची स्वयंपाकीण ठेवणार कोण? मीठ ती मुठीच्या अंदाजाने टाकायची. काजळलेल्या त्या स्वयंपाकघरात डोळ्यांचाही भरवसा नव्हता, म्हणून लसूण कानाने तळायची. तेलातली चुरचुर मंदावली की कढई खाली.

त्या दिवशी काम घाईचं होतं. शेजारचा घण जेवणाच्या वेळीही थांबला नाही. त्या दणदणाटात चुरचुर कुठली ऐकू येणार? लसणाचा कोळसा झाला आणि तिने तो तसाच वाढला.

भट्टीवाल्याने पहिलाच घास तिच्या अंगावर थुंकला. "विष कालवलंस का गं?" म्हणत थाळी भिरकावली. तिचा काठ तिखटीच्या कपाळात घुसला. मग केसांना धरून त्याने तिचं तोंड कढईवर दाबलं.

"घे वास! घे ना!"

गालाला धग लागली. तिने हातातला झारा फिरवून त्याच्या तोंडावर हाणला. दात पडले, रक्त उडालं. तो गुडघ्यांवर कोसळला तरी ती हाणतच राहिली. "डोक्याला हात लावायचा नाही! कुणी लावायचा नाही!" चौघांनी तिला ओढून बाजूला काढलं.

मुकादम धावत आला. "करपट वास फाटकापर्यंत आलाय. तुला आला नाही?"

सर्दी झालीय म्हणाली असती तर खपूनही गेलं असतं. पण आता तिला खोटं बोलायचाच संताप आला होता.

"नाही आला. कधीच येत नाही. नवऱ्याने मारलं नाक. इतकी वर्षं बोटं चाटत जेवलात, कळलं का कुणाला?"

"खोली रिकामी कर. आत्ताच्या आत्ता."

तिने ओळीने बसलेल्यांकडे पाहिलं. एकानेही मान वर केली नाही. मेल्यांनो! तिने भाताच्या पातेल्याला लाथ घातली. "आता गिळा माती!"

बोचकं काखेत मारून ती फाटकाबाहेर पडली. पाय आपसूक नवऱ्याच्या घराच्या रस्त्याला लागले. चार पावलांवर ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिने आपल्याच मांडीवर कचकचून बुक्की मारली. मग कपाळावरचं रक्त पदराने पुसत ती उलट दिशेला चालायला लागली.