मनोऱ्यावरून काढलेला एकच फोटो

बेल्जियममधल्या ब्रुज गावातल्या घंटेच्या मनोऱ्यावरून काढलेला माझ्याकडे एकच फोटो आहे. अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या माझ्या विद्यापीठाच्या गावी परतल्यावर रूममेटला तो दाखवला, तर म्हणाला, "यार, एवढ्या पायऱ्या चढलास आणि काढलंस काय, तर पुतळ्याखाली बसलेले दोन ठिपके?"

बेल्जियमला मी कॉन्फरन्ससाठी गेलो होतो. खर्च विद्यापीठाचा होता. एक दिवस जास्त राहा, जुनं गाव बघून ये, असं माझ्या प्रोफेसरांनी आपणहून सांगितलं होतं. माझ्यासारख्याला असं सांगणारं कुणी भेटेल, असं कधी वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कालवे, पूल, जुनी घरं सगळं मी चालता चालता पाहिलं आणि दर थोड्या वेळानं पाठीवरच्या सॅकची चेन चाचपली. पासपोर्ट खिशात होता. सॅकमध्ये फाइल होती. तिच्यात आय-ट्वेंटी, म्हणजे अमेरिकेत परत शिरताना दाखवायचा विद्यापीठाचा कागद, आणि दहावीपासूनची सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं. बेल्जियममध्ये माझी दहावीची मार्कशीट कुणीही मागणार नव्हतं. पण कागद वेगळे करायला बसलो की एखादा मागे राहील असं वाटतं, म्हणून फाइल जाते ती अख्खी जाते.

मनोऱ्याच्या दारातल्या बाईंनी मला थांबवलं. जिना अरुंद आहे, सॅक लॉकरमध्ये ठेवा, म्हणाल्या. मी सॅक लॉकरमध्ये ठेवली, दार लावलं आणि लगेच उघडलं. मग बाहेर चौकात आलो. तिकिटावरची वेळ टळत चालली होती. तेवढ्यात घरून ताईचा फोन आला.

"गेलास का वर? फोटो पाठव, पोरांना दाखवायचाय."

"नाही जात. सॅक नेऊ देत नाहीत."

"मग ठेव की खाली."

"फाइल आहे तीत."

"ओरिजिनल?" तिनं विचारलं. तिला काय आठवलं ते मला कळलं. बारावीनंतर तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. तिचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मला झेरॉक्स काढायला पाठवलं. मी तेव्हा सातवीत होतो. झेरॉक्स घेऊन आलो आणि ओरिजिनल मशीनमध्येच राहिलं. घरी लक्षात आलं तेव्हा दुकानाला कुलूप होतं. दुकानदार लग्नाला परगावी गेला होता. तिसऱ्या दिवशी दाखला हातात आला, पण प्रवेशाची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आहे, तो असा. ताई यावरून मला एका शब्दानं बोललेली नाही. शिकलोय ते तिच्याच जिवावर.

"मराठी का रे?" मागून कुणीतरी विचारलं. अमेरिकेतल्याच पार्सिपनी गावचे एक काका-काकू होते, टूरवर आलेले. काकांच्या गुडघ्यांमुळे ते वर जाणार नव्हते. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"दे ती सॅक इकडे," काकू म्हणाल्या. "आम्ही त्या पुतळ्यापाशीच बसतोय."

"नको काकू, तुम्हाला उगाच त्रास."

"अरे, हा गुडघा बघ," काका म्हणाले. "तुझी सॅक घेऊन पळायचं म्हटलं तरी मी चौक ओलांडेपर्यंत तू चार वेळा वरखाली करशील."

फोन चालूच होता. "दे त्यांच्याकडे," ताई म्हणाली.

"अगं, पण..."

"मी सांगतेय ना. मी. दे."

दिली. गोल जिन्याचा दोर धरून मी जवळजवळ धावतच चढलो. वर सगळे जाळीला नाक लावून लांबवर बोटं दाखवत होते. मी सरळ खाली पाहिलं. पुतळा सापडला, काकूंचं पिवळं जॅकेट सापडलं. झूम करून फोटो काढला, ताईला पाठवला आणि खाली पळालो.

"एवढ्यात?" काका म्हणाले. "अरे, कॉफी मागवायलाही वेळ दिला नाहीस. काय दिसलं वरून?"

"तुम्ही दोघं."

काका खो खो हसले. मी तिथेच फाइल उघडली. त्यांच्यादेखत कागद तपासताना मान वर करवत नव्हती.

"बघ, नीट बघून घे," काकू शांतपणे म्हणाल्या. "सगळं आहे ना?"

सगळं होतं. फोन वाजला. ताईचा मेसेज होता. "मोठा करून पाहिला. त्या काकूंनी सॅकचा पट्टा हाताला गुंडाळून ठेवलाय. आता परत वर जा आणि गाव बघ."

मी तो काकूंना वाचून दाखवला. त्यांनी हात पुढे केला. मी फाइल आत ठेवली, चेन लावली, सॅक त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. अर्धा जिना चढल्यावर खिसा चाचपला, तर फोन फाइलबरोबर सॅकमध्येच गेला होता. थांबलो. खालून माणसं येत होती, त्यांना वाट द्यायला भिंतीला टेकलो. मग त्यांच्या मागोमाग वर चढू लागलो.